पोतेआजोबांचे अकरा सेकंद

त्या दिवशी नळ होते. आमच्या साईनगरात पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे नळाच्या सकाळी घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. मी टाकीत नळी धरून उभी, आत तव्यावर पोळी, आणि गोपालराव, म्हणजे आमचे हे, बाथरूममधून विचारून राहिले की निळा शर्ट इस्त्रीहून आला का. आला असेल तर कपाटात असेल, मी म्हटलं. तेवढ्यात मागच्या दारावर कोणीतरी बोटाच्या पेरांनी ठोकलं. हळूच, तीनदा.

समोर चांगली बेल आहे. मागच्या दाराने आमच्याकडे भांडेवाली बाई येते आणि मांजर येते. बाई कोपऱ्यापासूनच हाका मारत येते, आणि मांजर काही ठोकत नाही. मी नळी तशीच सोडून कडी काढली.

नत्थुजी होते. सहा वर्षांत मी त्यांना पाहिलं नव्हतं, पण ती छातीपर्यंत आलेली पांढरी दाढी दुसऱ्या कोणाची असणार? एका पायात चप्पल होती, दुसरा पाय उघडा आणि चिखलाने भरलेला. सदऱ्याची बाही खांद्यापाशी फाटून लोंबत होती.

"वैनी," ते म्हणाले, "अपेक्षा कुठी हाय?"

इतक्या वर्षांनी दारात आलेला माणूस बसायच्या आधी, पाणी मागायच्या आधी माझ्या मुलीचं नाव घेतो, हे मला बरं वाटलं नाही. खोटं कशाला सांगू. मी दार अर्धंच उघडं धरलं होतं, ते तसंच ठेवलं.

"नागपूरले हाय, होस्टेलले. काहून?"

"बोलनं झालं तुमचं? तिच्यासंगं? तिच्याच आवाजात?"

"काल जेवताना झालं. नत्थुजी, झालं काय?"

ते उंबऱ्यावरच बसले. "काई नाई. बरी हाय ना, झालं मंग." मग मान वर करून म्हणाले, "आत घेता का मले? अन् दार लावा. पुढचंबी लावा."

नत्थुजींचा धंदा बारदान्याचा, म्हणजे जुन्या पोत्यांचा. सोयाबीन, तूर, हरभरा निघाला की पोतं लागतं, आणि ज्याच्याकडे रिकामी पडलेली असतात त्याला ती अडचण होते. एकाच्या घरून गोळा करायची, फाटकी शिवून घ्यायची आणि दुसऱ्याला द्यायची, असं चाळीस वर्षं चाललेलं. राहणं बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत. बायको वारली तेव्हापासून एकटेच. एक मुलगी, दीपमाला, तिवस्याला दिलेली. पण आमची ओळख पोत्यांमुळे झाली नाही. म्हणजे, एका अर्थी पोत्यामुळेच झाली.

तेरा-चौदा वर्षांपूर्वी अमरावतीत एक लोकल केबल चॅनेल होतं. साडीच्या दुकानावरच्या एका खोलीत दोन खुर्च्या, एक पडदा, एक कॅमेरा. सुगत नावाचा मुलगा तिथे कॅमेरा धरायचा आणि रविवारच्या सकाळी लहान मुलांसाठी 'गडबडपूर' नावाचा विनोदी कार्यक्रम करायचा. लिहायचा तोच, शूटिंग तोच, मागून टाळ्यांचा आवाजही त्याचाच. तीन-तीन मिनिटांची नाटुकली, आणि दर रविवारी तीच माणसं. हजेरीबाई होत्या, त्या वर्गात आलेल्या शेळीचीही हजेरी घ्यायच्या आणि गैरहजर शेळीच्या घरी चिठ्ठी पाठवायच्या. डॉक्टर टोचे होते, त्यांना सुईचीच भीती, म्हणून पेशंट त्यांचे डोळे झाकायचा आणि स्वतःला इंजेक्शन टोचून घ्यायचा. हवालदार घोरे चोराला सांगायचे, दहा मिनिटांनी ये, माझी डुलकी होऊ दे. आणि सगळ्यांत लाडके पोतेआजोबा.

सुगतला एक पोतं हवं होतं, म्हणून तो नत्थुजींकडे गेला, आणि पोत्याबरोबर माणूसच घेऊन आला. दाढी खरी, चाल खरी, धोतर घरचं. पोतेआजोबा दर आठवड्याला कारलं न खाणारं एखादं लेकरू पकडायचे, पोत्यात टाकायचे, तोंड बांधून खांद्यावर मारायचे आणि चवड्यांवर हळूहळू निघायचे. पोत्याला तळच नसायचा. लेकरू खालून निघून त्यांच्याच मागे, त्यांच्यासारखंच चवड्यांवर. मग दुसरं लेकरू, तिसरं, शेवटी अख्खी रांग. घरी पोचले की आजोबा पोतं सोडायचे, आत डोकं घालायचे ते दुसऱ्या बाजूने बाहेर काढायचे आणि म्हणायचे, "आजबी भोकच धरून आनलं." आमच्या गल्लीतली पोरं कितीतरी दिवस हेच म्हणत फिरायची. भाजीला पाठवलं आणि विसरून आली, तरी हेच.

पोतं मी शिवलं होतं. तळ उसवून काठ आत दुमडला, म्हणजे लेकराच्या पायात सुतळी अडकू नये. पहिल्या भागातलं लेकरू आमची अपेक्षा, तेव्हा सात वर्षांची. बाकीची पोरं नत्थुजींची दाढी पाहून रडली, ही म्हणाली, "आजोबा, लवकर टाका, मले शाळेत जायचं हाय." स्टुडिओत जागा नव्हती, म्हणून सुगत आमच्या गच्चीवर कॅमेरा ठेवून खालच्या गल्लीत शूटिंग करायचा. तो वरून घेतलेला, जरा धूसर, न हलणारा गल्लीचा देखावा सगळ्या भागांत आहे. पुढे सेट-टॉप बॉक्स आले आणि चॅनेल बंद पडलं. सुगत अकोल्याला गेला, आता तिथे लग्नांचे व्हिडिओ करतो. नत्थुजी अधूनमधून यायचे, मग त्यांचं येणंही कमी होत गेलं.

मी त्यांना चहा दिला. त्यांनी बशी खाली ठेवली आणि कप दोन्ही हातांत धरला. मग फोन काढून माझ्यासमोर धरला. काच फुटलेली होती.

"हे पाहा."

तो व्हिडिओ मी आधीच पाहिला होता. चार दिवसांपूर्वी माझ्या फोनवरही आला होता. वरून घेतलेली गल्ली. एक दाढीवाला म्हातारा एका लहान मुलीला उचलतो, पोत्यात टाकतो, तोंड बांधतो, खांद्यावर मारतो. अकरा सेकंद. मागे कोणीतरी भीतीदायक धून जोडलेली. खाली लिहिलेलं: परतवाडा भागात पोरं पळवणारी टोळी आली आहे, पांढऱ्या गाडीतून फिरतात, हा म्हातारा दिसला तर सोडू नका, आपल्या लेकरांसाठी पुढे पाठवा.

आणि मी पुढे पाठवला होता. कॉलनीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर, हात जोडलेल्या दोन खुणांसकट. मजकूर वाचला, व्हिडिओ एकदा वरवर पाहिला, कुकरची शिट्टी झाली आणि पाठवून दिला. ती गल्ली माझी, ते पोतं माझ्या हातचं, आणि पोत्यात जाणारी मुलगी माझ्या पोटची. मी ओळखलं नाही.

हे त्यांना सांगावं की नाही, असं क्षणभर वाटलं. मग सांगितलं. मान खाली घालूनच सांगितलं.

नत्थुजींनी कप ठेवला. "मीबी पाठवला, वैनी."

"काय?"

"दीपमालाले. लिवलं होतं ना, लेकरं सांभाळा. मले वाटलं, तिची पोट्टी अंगनात खेयते, तिले सांगून ठेवाव. चष्मा नोता डोयावर. म्हाताऱ्याले पाहून मी सोताच म्हनलं, हा माणूस काई बरा दिसत नाई."

आम्ही दोघं हसलो. हसणं संपलं. बाहेर टाकी भरून पाणी वाहत होतं, ते मला तेव्हा ऐकू आलं.

मग त्यांनी आदल्या दिवशीचं सांगितलं. परतवाड्याच्या पुढच्या एका खेड्यात पोती गोळा करायला गेले होते. सोयाबीन निघालेलं, दिवस गर्दीचे. एका खळ्यावर चार-पाच वर्षांची पोरगी उभी होती. नत्थुजींच्या खिशात नेहमी पेपरमिंटच्या गोळ्या असतात. तशी त्यांनी एक काढून दिली. खळ्यावरचा एक पोरगा फोनमध्ये पाहत होता. त्याने एकदा फोन पाहिला, एकदा यांना.

"मले म्हने, काका, जरा मान वर करा. मले वाटलं, फोटो काढून राहिला. मी बापा हसलो."

"मग?"

"मंग त्यानं अजून दोघायले बोलावलं. त्यायनं फोन माह्या तोंडाजोळ धरला, कपडा जुळवून पाहते ना दुकानात, तसा. मी म्हनलं, अरे बापा, हा टीवीचा परोगाम होय, पोरगी खालून निंगते, पुढचं पाहा. तर म्हनते, पुढचं कुठी हाय? दाखव. आता पुढचं मी कुठून दाखवू, वैनी? त्या फोनमंदी पुढचं नोतंच."

मारायला सुरुवात कोणी केली ते त्यांना कळलं नाही. बाही धरून ओढलं, एक काठी पाठीत बसली. खळ्याचा मालक ओळखीचा होता. त्याने आरडाओरडा करून लोकांना मध्ये अडवलं, तेवढ्यात त्याच्या बायकोने यांना टेम्पोत ढकललं आणि वर त्यांचीच गोळा केलेली पोती टाकली. परतवाड्यापर्यंत नत्थुजी पोत्यांखाली पडून आले. नाकातोंडात भुसा. टेम्पोवाल्याला खोकला ऐकू जाईल म्हणून सदरा तोंडात कोंबलेला. सकाळच्या पहिल्या गाडीने अमरावतीला उतरले.

"अन् घरी काहून नाई गेले?"

"गल्लीत जुने लोक ओयखते मले. पन नवे भाडेकरू आले हायत. लेकरं सारी पोतेआजोबाच म्हनते. त्यायच्या फोनवरबी हे असनच. मंग मनात आलं, ज्या पोरीले मी उचललं म्हनते, थे पोरगी त पाहून येतो. तेवढ्यानं तरी जिवाले बरं वाटन."

गोपालराव टॉवेल गुंडाळून दारात उभे राहून हे सगळं ऐकत होते. ते फारसे बोलत नाहीत. निळा शर्ट त्यांनी स्वतःच शोधून घातला, नत्थुजींच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, काच खाली केली आणि स्कूटरवरून त्यांना पोलीस ठाण्यात नेलं. तास-दीड तासाने परत आले.

"हवालदार चांगला भेटला," गोपालराव म्हणाले. "पंचविशीतला पोरगा. यायले पाहून म्हणे, आजबी भोकच धरून आणलं. सारं तोंडपाठ हाय त्याले."

"मग झालं की."

"झालं काय? तक्रार लिहून घेतली, आवाहन टाकतो म्हणे. पण मले बाजूले घेऊन सांगितलं, यायले चार-आठ दिवस बाहेर फिरू देऊ नका. आमची गाडी पोचेपर्यंत लोकायचे हात थांबत नाई. अन् म्हणे, दाढी काढा."

दाढी आमच्या अंगणात निघाली. आधी मी शिवणाच्या कात्रीने कापली, मग गोपालरावांनी त्यांचा ब्लेड लावला. नत्थुजी डोळे मिटून स्टुलावर बसले होते. "बायको गेली तवा ठेवली होती," एवढंच म्हणाले. पुसून झाल्यावर पाहिलं. चेहरा दोन रंगांचा झाला होता, वर उन्हाने रापलेला काळा आणि गालांपासून खाली पीठ लावल्यासारखा पांढरा.

"कसा दिसतो?" त्यांनी विचारलं.

"आता त खरंच लपून राहिलेला माणूस दिसता," गोपालराव म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं, पण बोलून झालं होतं. आणि ते खरंच होतं.

मी अकोल्याला सुगतला फोन लावला. त्याला कळलेलं होतं.

"काकू, चूक माझीच. जुने सारे भाग मी मागच्या वर्षी इंटरनेटवर टाकले. म्हटलं, आठवण राहील. तिथूनच कोणीतरी कापला."

"मग पूर्ण टाक ना. पोरगी खालून निघते ते दिसू दे."

"टाकला काकू, काल रात्रीच. तीन मिनिटांचा आहे. लोक अकरा सेकंदांच्या पुढं जात नाहीत. एकानं तर खाली लिहिलं, आता टोळीवाले नाटक करून दाखवत आहेत."

अपेक्षाने नागपूरहून स्वतःचा व्हिडिओ केला. मी ती मुलगी, मी वीस वर्षांची आहे, नर्सिंगला आहे, नत्थुआजोबांनी मला कधी काही केलं नाही, असं सगळं व्यवस्थित बोलली. मला अभिमान वाटला. दुपारपर्यंत तिच्या मैत्रिणींनी पाहिला, नातेवाइकांनी पाहिला. मग कोणी अनोळखी माणसाने लिहिलं, ताई घाबरून बोलते आहे, तिच्या मागे कोण उभं आहे ते पाहा. मागे तिची कपड्यांची दोरी होती. अपेक्षाचा फोन आला तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. "आई, ते माझ्या होस्टेलचं नाव विचारून राहिले." मी तिला व्हिडिओ काढून टाकायला सांगितला. बरोबर केलं की चूक, मला अजूनही ठरवता येत नाही. तेव्हा फक्त माझी मुलगी दिसत होती.

मी महिला मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं की तो व्हिडिओ खोटा आहे, मी चुकून पाठवला, ती माझीच मुलगी आहे. चौघींनी अंगठा दाखवला. एकीने विचारलं, नक्की ना?

जेवणं झाली. नत्थुजींनी दोन घास खाल्ले. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. दीपमालाचा होता. फुटक्या काचेच्या त्या फोनवर सगळ्यांनाच ऐकू येतं.

"बाबा, माह्या पोटात दुखाले लागलं. महिना बाकी होता अजून. मले अॅम्ब्युलन्सनं अमरावतीले आनून राहिले. यायचा फोन झाला, हे उद्याच्या गाडीनं पोचतेत." हे म्हणजे तिचा नवरा स्वप्निल, पुण्याकडे कंपनीत आहे. "प्राजक्ता पार्बताबाईजोळ ठेवली हाय. पन पार्बताबाईले चार वाजता निंगाचं हाय, धामनगावहून गाडी हाय त्यायची. तुमी तिले घेऊन या बाबा. थे कोनासंगं येत नाई, तुमाले माहीत हाय."

"येतो ना," नत्थुजी म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा. "तू घाबरू नको. येतो मी."

तिनेही आमच्यासारखाच वरवर पाहिला असावा, व्हिडिओतला म्हातारा कोण ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही. फोन ठेवला आणि हात मांडीवर उपडे ठेवून बसून राहिले.

"पाच वर्साची पोरगी," ते म्हणाले. "संग मी. बसमंदी रडली तर?"

मी गोपालरावांना म्हटलं, गाडी करू या. नत्थुजींनी मान हलवली. "पांढऱ्या गाडीचं लिवलं हाय त्यायनं. गाड्या थांबवून पाहून राहिले लोकं. बसमंदी चार बाया तरी असतेत." मग गोपालरावांनी ठरवलं की ते दीपमालासाठी दवाखान्यात जातील, कागदपत्रं, रक्त, जे काही लागेल ते पाहतील. तिवस्याला मी जाईन. मी हो म्हटलं. ते हो माझ्या तोंडातून सहज निघालं नाही.

बसमध्ये आम्ही पुढच्या बाजूला बसलो. त्यांनी विचारलं, "मास्क लावू का?" मी म्हटलं, नको, लपवल्यासारखं होईल. मग विचारलं, "खिडकीकडं बसू का इकडं?" मी म्हटलं, खिडकीकडे. मोझरीच्या थांब्यावर दोन पोरं चढली आणि आमच्या मागच्या सीटवर बसली. त्यांच्या फोनमधून ती धून आली. तीच. नत्थुजी खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर कापसाची वावरं होती, नुसती पांढरी, आणि ते एकेक झाड मोजत असल्यासारखे पाहत होते. पुढच्या मिनिटाला मागून एका नटाचा संवाद ऐकू आला, मग कसलीशी जाहिरात. पोरांनी पुढे सरकवलं होतं. माझ्या ब्लाउजची पाठ ओली झाली होती.

पार्बताबाई पिशवी भरून दारातच उभ्या होत्या. दीपमालाच्या शेजारच्या, वयाने तिच्या आईच्या जागी. त्यांनी नत्थुजींना नीट पाहून घेतलं. "दाढी काढली? बरं केलं भाऊ," म्हणाल्या, आणि पुढे काही विचारलं नाही. त्यांनाही व्हिडिओ आलेला असणार, असं मला वाटलं.

प्राजक्ता आतून धावत आली आणि मध्येच थांबली. दोन वेण्या, एक सुटलेली. तिने नत्थुजींचं तोंड पाहिलं आणि पार्बताबाईंच्या लुगड्यामागे गेली.

"हे माहे आजोबा नाईत."

"अवं, मीच होय."

"नाईत. माह्या आजोबाले दाढी हाय." आणि तिने भोकाड पसरलं. असं की समोरच्या घरातून एक बाई बाहेर आली, मग तिचा नवरा आला. तो पायरीवर उभा राहून पाहू लागला. आत गेला नाही.

नत्थुजी मागे सरले. मग त्यांनी काय केलं, तर अंगणात चवड्यांवर उभे राहिले, खांद्यावर काहीतरी घेतल्यासारखे वाकले आणि हळूहळू चालू लागले. साठी ओलांडलेला माणूस, पाठीत काठीचा मार, डोळ्यांत पाणी, आणि ती चाल. तोंडाने बारीक आवाजात ते दर वेळचं वाक्य. रडता रडता पोरगी थांबली. लुगड्यामागून एक डोळा बाहेर आला.

"आजोबा?"

"होय बापा."

ती धावत जाऊन त्यांच्या पायाला बिलगली. समोरचा माणूस हसला आणि आत गेला. मला हायसं वाटलं. पण तेवढ्यात ती मोठ्याने ओरडून सांगू लागली, "मले पोत्यात टाका. आजोबा, मले पोत्यात टाका नं." नत्थुजींनी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि तो हात लगेच चटका बसल्यासारखा काढून घेतला. लेकराच्या तोंडावर हात ठेवलेला म्हातारा लांबून कसा दिसेल, ते त्यांच्या लक्षात आलं असावं. माझ्याही आलं.

"पोतं घरी हाय," ते खाली बसून कानात म्हणाले. "इथं त्याचं नाव घ्याचं नाई. मोठ्ठं गुपित हाय."

"कोनाले सांगाचं नाई?"

"कोनालेच नाई."

बसस्टँड दहा मिनिटांच्या वाटेवर होतं. प्राजक्ता त्यांचं बोट धरून उड्या मारत चालली. मी तिच्या कपड्यांची पिशवी धरून दुसऱ्या बाजूने. तिला सगळं विचारायचं होतं. आईच्या पोटातून बाळ कुठून निघते, दाढी कुठी ठेवली, ती परत लावता येते का. नत्थुजी एकेका प्रश्नाला उत्तर देत होते, पण डोळे रस्त्यावर. समोरून येणाऱ्या प्रत्येकाचा आधी हात पाहायचे, फोन आहे का, मग चेहरा. मीही तेच करू लागले होते. या रस्त्याने मी कितीदा गेले असेन. शेंगदाण्याची गाडी, सायकलचं दुकान, रसवंती. त्या दिवशी त्यातलं एकही माणूस मला ओळखीचं वाटलं नाही.

स्टँडच्या अलीकडे पानठेला आहे. तिथे चार जण बसले होते, एकाच फोनवर डोकी टेकवून. त्यातल्या एकाने वर पाहिलं. आधी पोरीकडे, मग नत्थुजींच्या त्या दोन रंगांच्या तोंडाकडे. त्याने शेजारच्याला कोपराने ढोसलं. शेजारच्यानेही पाहिलं. काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. क्रिकेट असेल, दुसरं काही असेल. पण पहिला उठून उभा राहिला आणि तंबाखू थुंकून तसाच उभा राहिला.

नत्थुजींनी प्राजक्ताचं बोट सोडलं.

"आजोबा, हात," ती म्हणाली आणि तिचा हात वर धरून उभी राहिली.

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. माझ्याकडे न पाहता, ओठ फार न हलवता ते बोलले.

"वैनी, स्टँडपर्यंत इचा हात तुमी धरा. मी रस्त्याच्या पल्याडून येतो."